फोटोच्या मागचं नाव

॥ श्री सप्तशृंगी माता प्रसन्न ॥

उधना, सुरत
ऋषिपंचमी, १४ सप्टेंबर १९९९

चि. चेतन यास ताईचा आशीर्वाद.

तुझं पार्सल पोचलं. आतून निघालं ते असं: कानाला लावायचे हेडफोन एक, चॉकलेटची पाकिटं तीन (पैकी एक फुटकं, मुंग्यांनी आधीच नैवेद्य घेतला होता), तुझ्या दाजींना बनियन दोन, मला सेंटची बाटली, नूतनला लोकरीचे मोजे. सोडवायला कस्टमचे तीनशे चाळीस, रिक्षा जाऊन येऊन बावीस, पोस्टमनला चहापाणी दहा. सुरतेत लोकरीचे मोजे कोण घालतं, हे तुझ्या ध्यानातून गेलं. जाणारच. अमेरिकेत जाऊन सात वर्षं झाली.

जे मागितलं होतं ते पार्सलात नव्हतं. ते पार्सलात मावणारंही नव्हतं, हे तुला माहीत आहे. नूतननं तुला ई-मेलमध्ये दोन ओळी लिहिल्या. तू तिला दीड ओळ पाठवलीस, "बघतो बेटा, हेडफोन पाठवतोय." तुझी भाची आंधळी आहे म्हणजे तिला ऐकायलाही कमी येतं, असं तुला वाटलं की काय? नूतन थोडक्यात लिहिते. मला थोडक्यात जमत नाही, म्हणून सगळं सांगते.

तू समाजाच्या मंडळाला वेबसाइट करून दिलीस तेव्हा इथे किती कौतुक झालं, ते तुला कळवलंच होतं. लग्नाच्या मुलामुलींची नावं, शिक्षण, गाव, सगळं त्यात. मग मंडळानं समाजाच्या वाडीत, लग्नाच्या हॉलवरच्या खोलीत, कॉम्प्युटर बसवला. धुळ्याहून, अमळनेरहून, शिरपूरहून लोक फोन करतात की बँकेतला मुलगा आहे का, डी. एड. झालेली मुलगी आहे का. फोनवर बसणाऱ्यानं पान उघडायचं आणि वाचून सांगायचं. पगारी जागा आहे. अध्यक्ष गणपतभाईंनीच काढलं, "नूतन मुंबईला जाऊन बोलणारा कॉम्प्युटर शिकून आली ना? तिलाच बसवू. डोळे नसले तरी जीभ गोड आहे." ते जिभेचं मी कानाआड केलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिला काम देऊ म्हणालं होतं.

कानबाईचं विसर्जन झालं आणि पुढच्या रविवारी परीक्षा ठेवली. कमिटीची पाच माणसं, मी आणि नूतन. मी पेढे नेले नव्हते. आधी काम, मग पेढे. नूतननं मुंबईहून आणलेला प्रोग्राम कॉम्प्युटरात आधीच घालून ठेवला होता. त्यातली इंग्रज बाई पडद्यावर लिहिलेलं मोठ्यानं वाचते. कमिटीची नावं इंग्रजीत टाइप करून दाखवली, तर धुडकूआप्पांचं नाव तिनं असं काही घेतलं की आप्पांना आपण जन्मभर कोणी गोरे साहेब होतो असं वाटलं. सगळे खूश होते.

मग नूतननं तुझं पान उघडलं. आणि आई गायला लागली.

कानबाईची आरती, आईच्या आवाजात. तू कॅसेट भरून नेली होतीस तीच. दुसऱ्या कडव्याला खोकते तेसुद्धा आहे. आरती चालू असताना बसायचं नाही आणि ती मधे तोडायची नाही, हे आपल्याकडे लेकरालाही ठाऊक असतं. कमिटी उठली, चपला काढल्या, हात जोडले. आरती झाली, सगळे बसले. नूतननं मुलांच्या यादीचं पान उघडलं. आई पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा सगळे उभे. तू प्रत्येक पानाला ती आरती बांधून ठेवली आहेस, चेतन. प्रत्येक पानाला. चौथ्या वेळी धुडकूआप्पा म्हणाले, "आते मी उभाच ऱ्हास, माय. ऊठबसमा गुडघा गया."

आरतीखाली ती इंग्रज बाई बोलत होती, पण तिचा एक शब्द कळेल तर शपथ. नूतननं स्पीकरला कान लावला. तेवढ्यात फोन वाजला, तो कोणी घेईना, कारण आरती चालू. शेवटी तिनं आवाजाचं बटण फिरवून बारीक केलं. त्यासरशी आईही गप्प आणि बाईही गप्प, कारण दोघींचं तोंड एकच. गणपतभाईंचा चेहरा उतरला. "बेटा, देवीची आरती मधेच बंद करत नसतात."

"काका, मी आवाज बंद केला, आरती नाही," नूतन म्हणाली. ते कोणाला पटलं नाही.

मग आरती संपेपर्यंत थांबून तिनं आवाज मोठा केला, तर यादी वाचायला घेतलेली बाई म्हणते, इमेज. इमेज. इमेज. सगळी नावं तू चित्रं करून लावलीस. बाईला अक्षर वाचता येतं, चित्र वाचता येत नाही. धुडकूआप्पा म्हणाले, "हाई मशीनलेच दिखत नही वाटस." सगळे हसले. नूतनही हसली. ती हसली तेच मला जास्त लागलं.

कमिटीनं तुळशीची लग्नं होईपर्यंत मुदत दिली आहे. तोवर पान तिला वाचता आलं तर जागा तिची, नाही तर गणपतभाईंचा पुतण्या कुंदन बसेल. आत्ताही तोच बसतो. फोन उचलतो आणि "थोभो जरा" म्हणून पान खायला जातो.

तुझे हेडफोन तिनं लावून पाहिले. आता आई थेट तिच्या कानात गाते, एवढाच फरक. पातेलं तेच, झाकण नवं.

करायचं काय ते नूतन सांगते आणि मी लिहिते. आरती आपोआप सुरू होऊ नये, एक बटण ठेव, ज्याला ऐकायची तो दाबेल. आणि प्रत्येक चित्रामागे शब्द लिहून ठेवायची जागा असते म्हणे. पडद्यावर ते दिसत नाहीत, पण त्या बाईला ऐकू येतात. तिथे नावगाव लिही. नूतन म्हणते फार मोठं काम नाही. तुला वेळ नसेल तर तसं लिही, पण मोजे पाठवू नकोस.

आज ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही आणि रागवायचं नाही. पहिलं मी पाळलं आहे.

ताई


उधना
सर्वपित्री अमावास्या, ९ ऑक्टोबर १९९९

चि. चेतन,

तुझं पत्र काल आलं. टाइप केलेलं, खाली सही पेनानं. बँकेकडून यावं तसं.

तू लिहितोस की पान उघडल्यावर लोक रडतात, ऑस्ट्रेलियाहून कोणी लिहिलं की गावची आठवण आली. रडू देत. त्यांना त्या पानावर नोकरी करायची नाहीये.

तू लिहितोस की मराठी अक्षरं सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर उमटत नाहीत म्हणून चित्रं करावी लागली. अडचण खरी असेल, मला त्यातलं कळत नाही. पण तू लग्नाचा होतास तेव्हा तुझा फोटो सात घरी गेला होता. आई प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीनं लिहायची: चेतन, शिक्षण अमुक, गाव अमुक, मामाचं आडनाव अमुक. का लिहायची? फोटो दहा घरचे दहा येतात, एकमेकांत मिसळतात. नुसत्या तोंडावरून मुलगा कोणाचा हे कोणालाच कळत नाही, डोळस माणसालासुद्धा. तुझ्या पानावर आपल्या समाजाची शेकडो पोरंपोरी लागली आहेत आणि एकाच्याही मागे नाव नाही. आईच्या पोटी जन्मून हे तुला कोणी शिकवायला पाहिजे होतं?

आणि हे वाक्य तुझं, मी जसंच्या तसं उतरवते: "ताई, एका मुलीसाठी सगळं पान बदलायचं का?"

वाडीच्या जिन्याला कठडा नव्हता, आठवतं? पोलिओचा सखाराम चढताना पडला म्हणून बसवला. तेव्हाही लोक म्हणाले, एका माणसासाठी एवढं लोखंड. आता जाऊन बघ तो कठडा धरून कोण चढतं. गणपतभाई चढतात, धुडकूआप्पा चढतात, आणि बाळंतपणानंतर पोर कडेवर घेतलेली प्रत्येक बाई चढते. सखाराम तर हल्ली भेस्तानला राहायला गेला.

आता आईचं. तू लिहिलंस, "आईचा आवाज काढायला सांगणारी तूच, मला काय वाटेल याचा विचार केलास का?"

केला. तू दहाव्याला येऊ शकला नाहीस, तिकीट मिळालं नाही, हे मी समाजाला बत्तीस वेळा सांगितलं. आज तिचं पान मी वाढलं. खीर, वडे, गवारीची भाजी. गच्चीवर उन्हात उभी राहिले. कावळा आला, पण बराच वेळ लावून आला. तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं, म्हणून सांगते. देवळात घंटा असते. येणारा हात वर करतो आणि वाजवतो. दारात पाऊल टाकल्यावर घंटा आपणहून अंगावर येऊन वाजायला लागली, दर पायरीला वाजायला लागली, आणि आतल्या माणसाचं बोलणंच ऐकू येईना, तर तिला कोणी भक्ती म्हणेल का? मी आवाज काढ म्हणत नाही. दोरी बांध म्हणते. ज्याला वाजवायची त्यानं वाजवावी.

तेजस्विनीला आशीर्वाद. तिनं नूतनला वाढदिवसाला फोन केला होता, ते आम्ही विसरलेलो नाही.

ताई


उधना
दसरा, १९ ऑक्टोबर १९९९

चेतन,

सोनं द्यायला वाडीत गेलो होतो. नूतननं वाकून गणपतभाईंच्या हातात आपट्याचं पान ठेवलं, तर ते तिच्या डोक्यावर हात ठेवून मला म्हणाले, "बेन, तुझ्या भावाचं मन मोठं. अमेरिकेहून मला ई-मेल केली त्यानं."

मला वाटलं वेबसाइटचं पान झालं. माझा चेहरा असा फुलला असेल की बिचारे पुढचं आनंदानं सांगत सुटले. तू त्यांना लिहिलंस की कुंदनला ठेवा, नूतनवर ताण नको. तिच्या नावानं दर महिन्याला पन्नास डॉलर तू पाठवशील, म्हणजे कमिटीलाही संकोच नको.

ती शेजारी उभी होती. हातात बाकीची पानं होती. तिनं ती सगळ्यांना वाटली, एकही चुकवला नाही, आणि रस्त्यात म्हणाली, "आई, मामाला माझी किंमत बरोबर माहीत आहे. पन्नास."

तुझे दाजी म्हणाले, जाऊ दे, त्याच्या परीनं चांगलंच करतोय. ते दिवसभर यंत्रमागाच्या खडखडाटात उभे असतात, त्यांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत. मला येतात.

तुझा डॉलर या घरात येणार नाही. आला तर तसाच परत जाईल, टपालखर्च माझा.

आणि आता ते काढतेच, जे सात वर्षं काढलं नाही. तेजस्विनीच्या घरचे पुण्याहून तुमच्या लग्नाच्या बैठकीला आमच्याकडे यायचे होते. आदल्या दिवशी तू मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणालास, "ताई, नूतन आजच्यापुरती शोभाबाईंकडे असू दे. उगीच नसते प्रश्न नकोत." तू त्या दिवशी माझ्याकडे बघत नव्हतास, फळीवरच्या डब्यांकडे बघत होतास. पंधरा वर्षांची पोर दिवसभर शेजारी बसली. भिंत अर्ध्या विटेची. तुमचं हसणं, कपबशा, सुपारी फुटली ते, सगळं तिनं ऐकलं. घरी आल्यावर तिनं एकच विचारलं, "मामी बोलते कशी?"

तेव्हा तू तिला भिंतीपलीकडे बसवलंस आणि आता पानापलीकडे बसवतोस. त्या वेळी निदान ऐकू तरी येत होतं.

कमिटीला मी सांगितलं आहे की मुदत म्हणजे मुदत, तुळशीची लग्नं अजून व्हायची आहेत. पन्नास डॉलरचं नाव काढलं तर मी जिन्यात बसेन.

सुषमा


उधना
भाऊबीज, १० नोव्हेंबर १९९९

चि. चेतन यास,

आज पाटाभोवती रांगोळी काढली, पाट रिकामा. भाऊ परगावी असला की चंद्राला ओवाळायचं असतं, तसं तिन्हीसांजेला ओवाळलं. बीजेची कोर बारीक, क्षणभर दिसली आणि साखर कारखान्याच्या बाजूला झाडाआड गेली. राग होता तरी ओवाळलं, कारण ताटात कुंकू होतं आणि तू एकच आहेस.

तुझी ई-मेल गेल्या आठवड्यात पोचली. नूतनच्या बाईनं वाचून दाखवली. मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, त्यामुळे तिनं फार वाकडंतिकडं वाचलं, पण कळलं: "घे ताई, काढला आवाज."

आम्ही वाडीत जाऊन पाहिलं. नूतननं पान उघडलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. मी म्हटलं, दाब ना पुढे. ती म्हणाली, "थांब, आजी सुरू होऊ दे." सुरू काहीच झालं नाही. बटणही नव्हतं. तू रागानं आईलाच उचलून बाहेर ठेवलंस.

मी तीन पत्रं कोणत्या भाषेत लिहिली? दोरी बांध म्हटलं होतं, घंटाच काढून नेलीस. ज्या पोरीला आईनं मांडीवर घेऊन आरती शिकवली, तिला ती नकोशी होती असं समजलास? तिला फक्त काम करताना नको होती. तू काम करतोस तेव्हा तुझ्या टेबलाशी कोणी आरती म्हणतं का?

गणपतभाईंना वेगळंच लागलं. "देवीचं नाव न घेता पान उघडायचं?" म्हणाले आणि कुंदनला खुर्चीत बसवायला निघाले. तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, गणपतभाई, घरात दिवा दर दाराला लावतो का आपण? एकदा देवापाशी लावतो. रोज सकाळी वाडी उघडली की मी येईन आणि खोलीत आरती म्हणेन, आईच्याच चालीवर, पूर्ण, उभ्यानं. मग दिवसभर पान मुकं राहू दे आणि फोन घेऊ दे. धुडकूआप्पांनी निकाल देऊन टाकला, "चाली. गुडघा वाचना." आज आठवडा झाला, मी जाते आहे. खोकला मात्र आईसारखा येत नाही.

म्हणजे आरतीची गाठ मी इथे सोडवली. चित्रांची तिथे आहे, ती तुझ्याशिवाय कोणाला सुटणार नाही. पान शांत झालं आणि आता ती बाई स्पष्ट ऐकू येते. स्पष्ट म्हणते, इमेज. इमेज. इमेज. तुळशीची लग्नं पौर्णिमेला आटोपतील. त्याच्या पुढच्या रविवारी कमिटी बसणार. धुडकूआप्पा यादीतली कोणतीही तीन नावं विचारणार, नूतननं पानावरून सांगायची. आता मुदत नाही, त्या दिवशी काय ते ठरणार.

आणखी एक झालं, ते तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं.

पान गप्प होतं म्हणून नूतन अगदी वरपासून एकेक पायरी उतरत गेली. यापूर्वी आरतीच्या गडबडीत ती तिथे कधी थांबलीच नव्हती. बाई म्हणाली, इमेज, स्कॅन झिरो फोर. नूतन म्हणाली, "आई, सगळ्यात वर मामानं हे काय लावलंय?"

मी चष्मा पुसून पाहिलं. आपल्या आईचा फोटो. हिरव्या लुगड्यातला, कानबाईच्या रात्रीचा, कपाळभर कुंकू, हातात ताट, तू काढलेला. मी तिला सांगितलं. फोटो म्हणजे तिला तसं काय, पण ती पडद्यावर बोट ठेवून विचारत राहिली, इथे? इथे तोंड? हात कुठे? ताट भरलेलं की रिकामं? तुझ्या दाजींनी हाक मारेपर्यंत आम्ही तिथेच होतो. मग म्हणाली, "म्हणजे इतके दिवस आजी समोर होती, आणि मला ऐकू आलं ते स्कॅन झिरो फोर."

चेतन, तू त्या पानावर आई लावलीस ती मनापासून लावलीस, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती तू फक्त बघणाऱ्यांना दिलीस. आपल्या घरात जिला तिची सर्वांत जास्त गरज होती, तिला तू एक नंबर दिलास.

मला अजून राग आहे. तो या पत्रानं गेला असं समजू नकोस. यादीतल्या मुलांच्या मागे त्यांची त्यांची नावं लिही, बटण लाव, आणि हे सगळं त्या रविवारच्या आत कर. पण आधी वरून सुरुवात कर. आईनं तुझ्या सात फोटोंमागे पेन्सिलीनं लिहिलं, तिच्या एका फोटोमागे तुला लिहायचं आहे. नुसतं "आई" लिहून सुटू नकोस. ती कशी दिसते ते लिही, म्हणजे नूतनला मला विचारावं लागणार नाही.

काय लिहिलंस ते उलट टपाली कळव.

तुझी ताई,
सुषमा